परसातला कांदा आणि काढणीची वेळ

व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की राजे, तह, लढाया आल्याच. आज आम्ही कांद्यावर बोलणार आहोत. बाजारातल्या कांद्यावर कमी, आणि घरामागे परसात लावलेल्या, हल्ली गच्चीवरच्या कुंडीत लावलेल्या कांद्यावर जास्त. त्यातही प्रश्न एकच धरलाय: तो जमिनीतून काढायचा केव्हा?

तुम्ही म्हणाल, हा प्रश्न कृषी अधिकाऱ्याला विचारा. आम्हीही तसंच म्हणत होतो. पण नाहूरमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर तीन वर्षं कांदा लावला, त्यात दोनदा तोंडघशी पडलो, आणि मग जुने कागद वाचताना एक गोष्ट सारखी दिसू लागली. कांदा आपला आपण सांगतो की मी तयार झालो. त्याची खूण साधी आहे, लपलेली नाही. तरी या प्रदेशात कांदा कधी काढायचा हे बहुतेक वेळा कांद्याने ठरवलेलं नाही. सरकारी साऱ्याने ठरवलं, सावकाराने ठरवलं, अवकाळी पावसाने ठरवलं, बाजारभावाने ठरवलं. ज्याला विकायचं नाही आणि कुणाला द्यायचं नाही, त्या परसातच फक्त कांद्याचं स्वतःचं घड्याळ स्वच्छ दिसतं.

आधी पहिल्या वर्षाची फजिती सांगतो. आमच्यातल्या एकाच्या मुलीने इंग्लंडहून बियांचं पाकीट आणलं होतं. पाकिटावर तांबूस, मुठीएवढ्या कांद्याचं चित्र. नोव्हेंबरात बी टाकलं, रोपं सुरेख आली, जानेवारीत लावली. मार्च गेला, एप्रिल गेला. पात कमरेला लागेल अशी वाढली, आणि खाली काय? बोटाएवढा जाड पांढरा दांडा. गाठच नाही. मे महिन्याच्या शेवटी आम्ही पातीचा झुणका केला आणि विषय संपवला.

याचं कारण कळायला शास्त्रज्ञांनाही विसावं शतक उजाडावं लागलं. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोघांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवलं की वनस्पती दिवसाची लांबी मोजतात. फुलायचं कधी, हे त्या त्यावरून ठरवतात. कांद्याचं पोसणंही याच हिशेबावर चालतं, हे पुढे स्पष्ट झालं. उत्तरेकडच्या थंड देशांतल्या जातींना चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो, तेव्हा त्या पानं करायचं थांबवून खाली गड्डा भरायला घेतात. मुंबईत वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. म्हणजे तो इंग्रजी कांदा आमच्या गच्चीवर बिचारा उन्हाळ्याची वाट पाहत बसला, आणि त्याच्या हिशेबाने उन्हाळा आलाच नाही. आपल्याकडचे कांदे अकरा-बारा तासांच्या दिवसावर पोसतात. डिसेंबरात मुंबईचा दिवस अकरा तासांचा असतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बारा तासांवर जातो. नाशिकचा, जुन्नरचा, अलिबागचा उन्हाळी कांदा नेमका याच दिवसांत भरतो. पिढ्यान्‌पिढ्या बी राखणाऱ्यांनी ही निवड करून ठेवली. त्यांच्याजवळ ना घड्याळ होतं ना अक्षांशाचा नकाशा. चांगला भरलेला, टिकलेला कांदा पुढच्या हंगामात बियाण्यासाठी लावायचा, एवढंच ते करत आले.

आता नाहूर. आपल्यापैकी बरेच जण या स्टेशनावरून रोज जातात, पण गाव म्हणून नाहूर किती जणांनी पाहिलंय? साष्टी बेटाच्या पूर्व कडेचं हे गाव. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला मिठागरं आणि खाडी, मधे भाताची खाचरं. पोर्तुगीजांकडे हे बेट १५३४ मध्ये गेलं, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांकडे आलं, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतलं. राज्यकर्ते तीनदा बदलले, खाचरात भात तोच राहिला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती याच पट्ट्यातून. नाहूरला मात्र स्टेशन मिळालं २००३ मध्ये. दीडशे वर्षं गाड्या समोरून गेल्या आणि थांबल्या नाहीत. हे आम्ही गंमत म्हणून सांगत नाही, याचा कांद्याशी संबंध आहे. थोडं थांबा.

१८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये पिकांची मोजदाद आहे. सारा बसतो तेवढं सगळं अशा मोजदादीत येतं. घरामागचे चार वाफे त्यात येत नाहीत. म्हणून परसाचा इतिहास लिहायचा तर कागदापेक्षा माणसांकडे जावं लागतं. आम्ही नाहूरच्या गावठाणात एका आजींकडे गेलो. विचारलं, "आजी, तुमच्या परसात कांदा असायचा का?" म्हणाल्या, "असायचा की. मोरीच्या पाण्यावर अळू, केळ, आणि कडेला कांदा." मग आम्ही आमचा मोठा प्रश्न टाकला, "तो काढायचा कधी हे कसं कळायचं?" त्या आमच्याकडे बघतच राहिल्या. "काढायचा कशाला? पात खुडायची. कांदा वाण्याकडे मिळतो ना!"

खरं सांगायचं तर आमचं अर्धं व्याख्यान तिथेच कोसळलं. पण उत्तर फार मोलाचं होतं. पावसाळ्यात घरातल्या कांद्याला कोंब येतो. तो फेकून न देता मोरीपाशी खोचायचा आणि महिनाभर पात खायची. असा कोंबाचा कांदा पुन्हा मोठा होत नाही. कांद्याचं आयुष्य दोन हंगामांचं. पहिल्यात तो साठवतो, दुसऱ्यात साठवलेलं खर्चून फुलाचा दांडा काढतो. त्या दांड्याला आपल्याकडे डेंगळा म्हणतात. म्हणजे नाहूरच्या परसात होतं ते कांद्याचं दुसरं आयुष्य. पहिलं आयुष्य कुठेतरी दुसरीकडे, दुसऱ्याच्या शेतात गेलेलं असायचं.

कुठे, ते रेल्वे सांगते. १८६५ मध्ये थळ घाटातून रूळ पूर्ण झाले आणि मुंबई नाशिक जिल्ह्याशी सलग जोडली गेली. लासलगाव याच मार्गावरचं स्टेशन. घाटावरची कोरडी हवा, काळी-मध्यम जमीन, विहिरीचं पाणी, आणि आता दारात आगगाडी. दमट साष्टीत कांदा पिकवून तो टिकवण्याची धडपड कोण करणार? आमचं मत असं की मुंबईजवळच्या गावांत कांदा पातीपुरता उरला तो या काळापासून. जी गाडी नाहूरला थांबत नव्हती तिनेच नाहूरच्या परसातला गड्डा काढून नेला म्हणा ना.

पण समुद्राकाठी कांदा होतच नाही असं समजू नका. खाडीच्या पलीकडे, अलिबाग तालुक्यात, कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव या गावांत पांढरा कांदा होतो. त्याला आता भौगोलिक मानांकनही आहे, आणि १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरमधला उल्लेख त्यासाठी पुरावा म्हणून पुढे आला होता. भात कापून झालं की त्याच खाचरात वाफे करायचे, डिसेंबर-जानेवारीत रोप लावायचं, फेब्रुवारीच्या शेवटापासून काढायला घ्यायचं. या कांद्याची काढणी नीट पाहण्यासारखी आहे, कारण तिथे कांदा पोत्यात जात नाही, माळेत जातो. बायका पातीची वेणी घालून माळा बांधतात. वेणी घालायची तर पातीत जीव हवा. पात वाळून तिचा चुरा झाला की वेणी तुटते. पात हिरवीकच्च असेल तर मान ओली राहते आणि माळ टांगल्यावर कांदा मानेतून सडतो. या दोन चुकांमधले जे मोजके दिवस, ते पाहून ओळखणं, हे तिथल्या बायकांचं ज्ञान. ते कुठल्या पुस्तकात नाही. ज्या वाफ्यांवर ते शिकलं जातं ते वाफे आता बंगल्यांसाठी विकले जाताहेत. मानांकन नावाचं रक्षण करतं, जमिनीचं नाही. आम्हाला याची काळजी वाटते आणि ती इथे बोलून दाखवतो.

आता ती खूण नेमकी काय आहे ते पाहू. कांद्याची मान म्हणजे खरं तर खोड नाही. एकात एक शिरलेल्या पानांच्या तळांची ती गुंडाळी असते. जोवर मधून नवी पानं येताहेत तोवर मान भरीव आणि ताठ. गड्डा भरत आला की नवं पान येणं थांबतं, मान आतून पोकळ होते, आणि वरच्या पातीचं ओझं तिला पेलत नाही. एके दिवशी सकाळी बघावं तर पात आडवी. शेतकरी म्हणतात, "माना पडल्या." निम्म्या माना पडल्या की कांदा काढायचा, ही शेतकऱ्याची रीत, आणि कृषी विद्यापीठांची शिफारसही तीच. त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं. काढल्यावर पातीसकट तीन ते पाच दिवस शेतातच ओळीने ठेवायचा, असा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर झाकण होईल आणि ऊन थेट लागणार नाही. मग इंचभर मान ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवायचा. मान वाळून चिमटली की कांद्याचं दार बंद झालं. तो टिकतो.

ही गोष्ट उन्हाळ कांद्याची. खरिपाचा कांदा असा वागत नाही. तो तयार होतो तेव्हा थंडी सुरू झालेली असते, दिवस लहान होत चाललेले असतात, नवी पानं येतच राहतात आणि मान पडत नाही. म्हणून शेतकरी दिवस मोजतो, पातीचा पिवळेपणा बघतो, आणि काढणीच्या दोन-तीन दिवस आधी वाफ्यांवरून रिकामं पिंप फिरवून माना मोडतो. त्या कांद्याला चाळीत जागा नाही, तो लगेच विकावा लागतो.

हा फरक लक्षात घेतला की दीडशे वर्षांचा कांद्याचा झगडा वेगळा दिसतो. १८८३ या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. तिकडे कुलाबा गॅझेटिअर छापून आलं, इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. एकात पिकं आहेत, दुसऱ्यात पिकवणारा आहे. सारा, कर्ज, सावकार, कचेरी यांत अडकलेला शेतकरी फुल्यांनी दाखवला. साऱ्याचे हप्ते आणि पिकाचे दिवस जुळत नाहीत, म्हणून कर्ज काढावं लागतं, ही त्या काळातली जुनी तक्रार. अशा माणसाला मान पडेपर्यंत थांबणं परवडत नाही. कांदा तर असं पीक की आठवडाभर आधी काढला तर वजन कमी आणि टिकाऊपणा त्याहून कमी. घाईची किंमत वजनकाट्यावर लगेच दिसते, आणि उरलेली चाळीत महिनाभराने दिसते.

पुढचा टप्पा आपल्याला माहीत आहे, म्हणून पटकन सांगतो. १९४७ मध्ये लासलगावची बाजार समिती आली. साठवायला चाळी आल्या, पिंपळगाव बसवंत आणि नंतर राजगुरुनगर इथल्या संशोधनातून नव्या जाती आल्या. १९८० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं चाकणचं कांदा आंदोलन झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नाशिक भागात ऊस-कांद्यासाठी रास्ता रोको आणि रेल रोको. ज्या रुळांनी मुंबईला कांदा दिला त्याच रुळांवर कांदा पिकवणारे येऊन बसले. मागणी भावाची होती. पण भाव म्हणजे काय, तर थांबता येण्याची ताकद. ज्याच्याकडे चाळ आहे आणि डोक्यावर देणं नाही, तो मान पडण्याची वाट पाहू शकतो आणि विकण्याचीही. बाकीचे नाही.

आता स्वयंपाकघरात येऊ. आषाढ शुद्ध नवमीला आपण कांदेनवमी म्हणतो. दोन दिवसांनी एकादशी, चातुर्मास सुरू, कांदा-लसूण बंद. म्हणून त्या दिवशी भजी, थालीपीठ, झुणका, भरले कांदे. बऱ्याच घरांत कार्तिकी एकादशीला बंदी सुटते. जिथे खंडोबाचं कुळाचार आहे तिथे मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत, रोडगा आणि पातीचा कांदा नैवेद्याला लागतो, मग घरात कांदा येतो.

हल्ली मोबाइलवर एक 'शास्त्रीय कारण' फिरतं, की पावसाळ्यात कांदा सडतो म्हणून पूर्वजांनी बंदी घातली. ऐकायला छान आहे, पण आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. बंदीत लसूणही आहे आणि वांगंही आहे, आणि वांग्याला साठवणुकीचा प्रश्नच नाही. शिवाय कांदा-लसणाचा निषेध मनुस्मृतीत आहे, तिथे तो ऋतूपुरता नाही. सातव्या शतकात ह्युएन त्सांग लिहितो की कांदा-लसूण खाणाऱ्याला गावाबाहेर काढतात. दुसऱ्या बाजूला वैद्यकाच्या ग्रंथांत कांदा गुणकारी म्हणून येतो, आणि तेराव्या शतकात अरणच्या सावता माळ्यांना आपल्या मळ्यातल्या कांद्यातही विठ्ठल दिसतो. म्हणजे नाही म्हणणारे आणि पिकवून खाणारे, दोघंही सतत होते. महाराष्ट्राने यातून काढलेली वाट अशी की आठ महिने खायचा, चार महिने नाही, आणि बंद करण्याआधी एक दिवस पोटभर खायचा. तारीख धर्माने दिली, पण ती पाळणं कांद्याच्या घड्याळाने सोपं केलं. चैत्रात मान पडलेला, वैशाखात सुकवलेला कांदा दमट कोकणात आषाढापर्यंत कोंब धरायलाच लागतो. आणि चंपाषष्ठीपर्यंत नवी पात आलेली असते.

आमच्या गच्चीचं पुढे काय झालं? दुसऱ्या वर्षी शहाणे झालो आणि जुन्नरकडून तयार रोप आणलं. घाटावर त्या बियाण्याला, रोपाला उळं म्हणतात. वीत-दीड वीत खोल टबांत चार-चार बोटांवर लावलं. गड्डे सुंदर भरले. एप्रिलच्या मध्यावर काही माना पडल्या. आम्ही म्हटलं, अजून थोडे पोसू देत. ऊन फार म्हणून पाणीही चालू ठेवलं. मे महिन्यात एक अवकाळी सर आली. काढले तेव्हा निम्म्यांचं वरचं साल सुटलेलं, खाली नवी पांढरी मुळं. पंधरा दिवसांत घरभर वास. दोष कुणाचाच नव्हता, हाव आमची होती. आम्हाला ना सारा भरायचा होता ना हप्ता, तरी कांद्याचं ऐकलं नाही.

तिसऱ्या वर्षी मार्चअखेर पाणी कमी केलं, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बंद केलं. जसजशी मान पडली तसतसा काढला. जिन्याखालच्या सावलीत वर्तमानपत्रावर पसरला, मग जाळीच्या पिशवीत टांगला. एकूण तीन-साडेतीन किलो. जूनच्या पावसानंतर रोज पिशवी चाचपावी लागली, काळी बुरशी धरलेले सात-आठ काढून टाकले. कांदेनवमीला उरलेल्यांची भजी झाली, आणि कोंब आलेले चार गावठाणातल्या आजींना नेऊन दिले. त्यांनी ते मोरीपाशी खोचले.

शेवटी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, ती वाचतो: "माझ्या कुंडीतल्या अर्ध्या माना पडल्या आहेत, अर्ध्या उभ्या आहेत. उभ्या हाताने मोडू का?" नको. पिंप फिरवणं खरिपात ठीक, आणि निम्म्याचा नियम शेतासाठी आहे, कारण शेतात एकेक कांदा वेगळा काढायला मजूर परवडत नाही. तुमच्याकडे वीस-पंचवीस कांदे आहेत. पडलेला काढा, उभा राहू द्या. आठवडा-दहा दिवसांनीही जो उभाच असेल आणि ज्याची मान अंगठ्याएवढी जाड असेल, तो टिकणार नाही, त्याला सुकवायच्या भानगडीत पडू नका. तो वेगळ्या टोपलीत ठेवा आणि आधी तोच चिरा.